तिसऱ्या सिलिंडरचा रॉड

सोमवार, ९ मार्च

भोक! माझ्या इंजिनाला मुठीएवढं भोक! काल शर्यतीत, शेवटून दुसऱ्या फेरीला, तिसऱ्या सिलिंडरचा, पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. चार महिने खपून बांधलं होतं मी ते. एकेक बेअरिंग स्वतःच्या हातानं बसवलेलं. आणि दादा गाडीतून उतरतो न उतरतो तोच, सगळ्यांच्या देखत — "बघ बाई, तुझ्याच कामात काहीतरी राहिलं असेल."

बाई म्हणे! सख्खी बहीण आहे मी. वीस वर्षं इंजिनं बांधतेय. त्याच्याच गाडीसाठी.

मंगळवार, १०

उघडलं. ऑइल चेंबरमधून रॉडचे तुकडे चिमट्यानं वेचले. पिस्टनचा चुरा झालाय. क्रँकवर नखभर खोल ओरखडे. दादा गॅरेजच्या दारात उभा, हात खिशात. "आधी ठोके ऐकू आले, मग मी क्लच दाबला," म्हणाला. मी तुकडे वेचत राहिले. तो गेला.

गुरुवार, १२

सापडलं! गाडीतल्या रेकॉर्डरवर लख्ख दिसतंय — सातव्या वळणावर इंजिन मिनिटाला नऊ हजार चारशे फेऱ्यांवर गेलंय. साडेआठ हजारांच्या पुढे न्यायचं नाही म्हणून मी स्वतः काट्याजवळ लाल पट्टी चिकटवून दिली होती! चौथ्याऐवजी दुसरा गियर टाकला, दुसरं काय!

फोन केला. "गियर चुकला नाही माझा." तीनदा तेच वाक्य. तळपायाची आग मस्तकात गेली. "सत्तेचाळिशीला आलास, चुकलं म्हणायला जीभ जड होते?" फोन आपटला. कोपरा फुटला. फुटू दे.

शुक्रवार, १३

लेथवाले काका ब्लॉक बघायला आले होते. लाल रंग ओतून चीर कुठवर गेलीय ते बघितलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "दोन रस्ते. भोकाला वेल्डिंग, सिलिंडरला आतून नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, नवा क्रँक. दीड महिना जाईल, पण ताकद पहिल्यासारखी. नाहीतर अपघातातल्या गाडीचं एक इंजिन आहे माझ्याकडे. खोलून, नवे बोल्ट घालून पंधरा दिवसांत बसवू. सौम्य आहे मात्र."

"तुम्हाला काय वाटतं?"

"रॉड का तुटला ते आधी ठरव. मग रस्ता आपोआप ठरेल."

ठरलंय की! रेकॉर्डर खोटं बोलतो का?

रविवार, १५

दादाकडे जेवायला गेले. जायलाच नको होतं.

त्याला जुनंच इंजिन हवंय. "कानाला सवय झालीय त्याची. वेळ लागू दे, वेल्ड कर."

"मी वेल्ड करायचं आणि तू परत फोडायचं! सौम्य इंजिन बसवते. आठ हजारांवर आपोआप आवर घालतं ते. मग टाक हवा तो गियर."

वहिनी म्हणाली, "अगं, पुरे आता." नाही पुरे! आठवडाभर सगळीकडे माझ्या नावानं खापर फुटतंय, तेव्हा कुणी पुरे म्हटलं?

तो ताटावरून उठला. भात तसाच.

मंगळवार, १७

ठरलं. सौम्य इंजिन. जुना ब्लॉक आज भंगारात गेला.

खरं सांगायचं तर — फक्त इथं — ब्लॉक वाचला असता. वेल्ड नक्की धरेल, असं काका दोनदा म्हणाले. मलाच तो वाचवायचा नव्हता. ती गाडी त्याला परत तशी पळवू द्यायची नव्हती.

शनिवार, २१

दादा आला. टायरच्या थप्पीवर बसला.

"तू म्हणतेस तर चुकला असेल गियर. मला तसं आठवत नाही. पण आठवत नाही, हेच वाईट ना? उद्या कुणाच्या अंगावर गाडी घातली तर? नव्या इंजिनामागे दुसऱ्या कुणाला बसव."

बावीस वर्षं शर्यती केल्या. दोन मिनिटांत सोडून मोकळा!

जिंकले मी. मग हा राग का जात नाही? भांड ना माझ्याशी! असा मुकाट्यानं कसा ऐकतोस!

बुधवार, २५

काल काकांबरोबर ते सौम्य इंजिन बांधायला घेतलं. मी रॉडचा बोल्ट आवळला, काकांनी त्याची लांबी मोजली — नीट आवळला की बोल्ट केसभर ताणतो — आणि थांबले. "रेंच म्हणतो आवळला, बोल्ट म्हणतो नाही."

टॉर्क रेंच, म्हणजे ठरल्या जोरानं आवळायचा तो पाना, तपासायला दिला. आज परत आला. माप पुरं दाखवतो, पण आवळतो पाचव्या हिश्शानं कमी. कधीपासून, कोण जाणे. जुन्या इंजिनाचे सगळे रॉड याच रेंचनं आवळले होते. मी. उघडताना बोल्ट एअर गननं सटासट उडवले — हातानं खोलले असते तर ढिले आहेत ते तेव्हाच कळलं असतं. आणि ते नऊ हजार चारशे — आधी ठोके, मग क्लच, तो म्हणाला होता तसंच; क्लच दाबल्यावर मोकळं सुटलेलं इंजिन तिथवर गेलं, चुकलेल्या गियरनं नव्हे.

फोन वहिनीनं उचलला. दादा हेल्मेट आणि सूट क्लबात देऊन टाकायला निघालाय म्हणाली.

"थांबव त्याला," म्हटलं.

"का गं?"

सांगितलं.