डावी नोट, उजवी नोट

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या संग्राहकांच्या नोंदी पुढे लोकांना उपयोगी पडतात. मला स्वतःला वाचायला मिळाल्या तरी पुष्कळ.

यंदाचा संकल्प : दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या ग्रीक नोटा. इतका नेमका विषय आमच्या संग्राहक मंडळात कुणाचाच नाही. ही म्हणाली, गेल्या वर्षी निवडुंग होते, त्याआधी बासरी. म्हटलं, ती सगळी पूर्वतयारी. पाण्यावाचून निवडुंग मारणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला म्हणे. दुर्लक्ष केलं.

मंडळाच्या अध्यक्षांना सगळे भिंगवाले म्हणतात, कारण जेवतानासुद्धा भिंग गळ्यात असतं. त्यांनी मार्चच्या प्रदर्शनात मला टेबल कबूल केलंय. जिन्याखालचं आहे, पण जिन्यावर वर्दळ चांगली असते.

सध्या संग्रहात : काही नाही.

९ जानेवारी
मोठी बातमी! सासऱ्यांचे वडील तरुणपणी बोटीवर आचारी होते. त्यांची बोट बराच काळ एका ग्रीक बंदरात अडकली होती. तिथली एक नोट सासऱ्यांनी आजवर जपून ठेवलीय. आज स्वतः घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. प्रदर्शनापुरती.

लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्या हातात रिकाम्या ग्लासाशिवाय काहीही दिलेलं नाही. घड्याळ, कॅमेरा, आरामखुर्ची, सगळं साडूला. खरं सांगायचं तर आज दोनदा नाक शिंकरावं लागलं. सर्दी आहे असं सांगितलं.

नोट शंभर द्राख्मांची. पण अर्धीच. डावी बाजू आहे, तिच्यावर एक करारी चेहऱ्याचे गृहस्थ. उजवी बाजू गायब. सासरे नोटेची गोष्ट सांगत होते, त्यात सरकार होतं, कात्री होती, आणखीही कायकाय होतं. मी मान डोलावत होतो, पण लक्ष टेबलावर निळं कापड घालावं की हिरवं याकडे. म्हातारी माणसं बोलतच असतात.

निळं.

१४ जानेवारी
अर्धी नोट बघवत नाही. मी बुटांच्या कारखान्यात जोड्या लावण्याच्या टेबलावर आहे. डावा उजव्याशी ताडायचा, रंग, शिवण, टाच बघायची, जुळला की खोक्यात. एकटा बूट म्हणजे रिजेक्ट. माझ्या टेबलावरून एकटा बूट कधी गेला नाही. एकदा दोन डावे गेले होते, पण त्यात लेबलवाल्याचा हात होता.

ठरवलं. नोट पुरी करायची आणि सासऱ्यांना चकित करायचं. साडूने तर घड्याळाला आजवर चावीसुद्धा दिलेली नाही असं ऐकतो.

२१ जानेवारी
साफसफाई. नोटेच्या कोपऱ्यात तेलकट अंगठ्याचा डाग आहे. आचाऱ्याची नोट, दुसरं काय असणार. खोडरबर लावलं, गेला नाही. पावडर लावली, गेला नाही. ओल्या फडक्याने घासला. डाग तिथेच, गृहस्थांचा कान मात्र फिका पडला. डाग हट्टी आहे. मीही आहे.

हिने विचारलं, बाबांची नोट जपताय ना? म्हटलं, डोळ्यांत तेल घालून.

४ फेब्रुवारी
नशीब लागतं! भिंगवाल्यांकडे अगदी तशीच शंभराची नोट निघाली, आणि तीही अख्खी. माझा स्टॅम्पचा पूर्ण अल्बम देऊन घेतली. अशी अख्खी सहसा मिळत नाही, तळहातावरच्या फोडासारखी जपा, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. का मिळत नाही तेही सांगणार होते, पण मला घाई होती.

५ फेब्रुवारी
झालं! अख्खी नोट मधोमध कापली आणि तिचा उजवा भाग सासऱ्यांच्या डाव्या भागाला जोडला. मध्ये डिंक, मागून चिकटपट्टी. उजवा किंचित वर गेलाय आणि दोन बाजूंचे नंबर वेगळे आहेत, पण नोटेचे नंबर कोण वाचत बसतो?

कात्री हिची वापरली. ही शिवणकाम करते आणि कापडाची कात्री कागदाला लावायची नाही हा आमच्या घरातला पहिला कायदा. पण इतिहास घडत असताना कायदा काय बघायचा. शिवाय ही बाहेर गेली होती.

भिंगवाल्यांच्या नोटेचा डावा भाग उरला. बुटाच्या खोक्यात ठेवला. एकटाच पडलाय, वाईट वाटलं.

६ फेब्रुवारी
कात्रीचं हिला कळलं. कापड कापायच्या ऐवजी चावते म्हणाली. जेवायला वाढलं, पण भांडीच जास्त बोलली. कात्री कुलपात गेली.

१ मार्च
प्रदर्शनाआधी जोडलेली नोट भिंगवाल्यांना दाखवली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं आणि खुर्चीत बसले. मग पाणी मागितलं.

प्रकार असा आहे. १९२२ साली ग्रीक सरकारला युद्धासाठी पैसा कमी पडला. त्यांनी हुकूम काढला की प्रत्येकाने आपली नोट मधोमध कापायची. डावा भाग अर्ध्या किमतीला बाजारात चालणार, उजवा सरकारने कर्ज म्हणून घेतला. अख्खा देश कात्री घेऊन बसला. म्हणजे सासऱ्यांची अर्धी नोट हीच पुरी नोट होती. हे मला आधी कुणी सांगायला नको का?

मग त्यांनी विचारलं, माझी अख्खी नोट कुठे आहे? मी म्हटलं, तीही यातच आहे. ते नुकतेच उठले होते, पुन्हा बसले.

२ मार्च
घाबरण्यासारखं काही नाही. जोडलेलं सोडवता येतं. हेअर ड्रायरने चिकटपट्टी गरम केली. पट्टी सुटली, सोबत नोटेची पाठही थोडी सोलली. मधला सांधा काही सुटेना. पुन्हा कापला. कात्री कुलपात, म्हणून स्वयंपाकघरातली सुरी घेतली. रेघ वाकडी गेली.

आता सासरे काय म्हणतील?

मग खोक्यातला भाग आठवला! तीच नोट, तीच डावी बाजू, तेच गृहस्थ, दोन्ही कान शाबूत. डागसुद्धा नाही. तोच मांडायचा. सासऱ्यांची नजर आता अधू झालीय. डावा तो डावा.

८ मार्च
प्रदर्शन. जिन्याखाली डोकं दोनदा आपटलं. निळं कापड छान दिसत होतं.

सासरे साडूला घेऊन आले. नोट उचलली. चष्मा काढून ठेवला आणि नोटेच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवायला लागले. साडू म्हणाला, वा, कशी स्वच्छ ठेवलीय. सासरे बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, ही आमची नव्हे. आमच्या नोटेवर दादांचा अंगठा आहे."

हुकूम आला तेव्हा त्यांच्या वडिलांचं तळण चाललं होतं. तसंच तेलकट हाताने नोट धरून त्यांनी कात्री चालवली. त्यांचा फोटो नाही, दुसरं काहीही नाही, एवढा अंगठाच उरलाय. लहानपणापासून सासरे त्यावर आपला अंगठा ठेवून बघत आलेत, आपला केवढा झाला म्हणून. हे सगळं जानेवारीत सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिशातून खरी नोट काढून दिली. फिकी, वाकडी, पाठ सोललेली. ही पलीकडून बघत होती, मला मान वर करवेना.

सासऱ्यांनी अंगठा ठेवला. बरोबर बसला. डोळे पुसले. मी सगळं कबूल केलं, डागही किती घासला ते सांगितलं. रबर, पावडर, फडकं.

ते म्हणाले, "तुमच्या हातून कुठलंच काम तडीला जात नाही, याचा आज पहिल्यांदा आनंद झाला."

१५ मार्च
नोट साडूकडे गेली. उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडून भिंगवाल्यांना परत द्यावेत असा विचार होता. हिने चिकटपट्टीही कुलपात टाकली.

नवा संकल्प : दगड जमवणे. कापता येत नाहीत.

आज सासरे घरी आले होते. मी दार उघडलं, खुर्ची पुढे केली, पाणी आणून दिलं. त्यांनी ते शांतपणे प्यायलं आणि रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी धरा म्हणाले.