दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, विमला धोंडीराम केदारे, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त माध्यमिक शिक्षिका, विषय गणित, राहणार सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. वकीलसाहेबांच्या मसुद्यात ‘मी शरीराने व मनाने सुदृढ असून’ असं तयार वाक्य होतं. ते मी खोडलं. पहिल्याच ओळीत खोटं कशाला? मन ठिकाणावर आहे. शरीराचं म्हणाल तर डॉ. अश्विन म्हणाले, “बाई, हृदय तीस टक्केच काम करतंय.” मी विचारलं, “कशाच्या तीस टक्के?” ते हसले. मी गंमत करत नव्हते. हाच प्रश्न एकदा विचारायचा राहिला, म्हणून खालचं कलम पाच एवढं लांबलं आहे.

१. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. मला मूलबाळ नाही. यजमान धोंडीराम केदारे, सातपूरच्याच एका कारखान्यात फिटर, सन २०१८ मध्ये वारले. मी आठवडाभर नामपूरजवळच्या गावात शाळेवर आणि ते इकडे, असा आमचा संसार शनिवार-रविवारचा झाला. त्यांनी कधी तक्रार केली नाही, हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून इथे लिहिते.

२. यजमानांची हत्यारं, म्हणजे पाने, हातोड्या, व्हाइस आणि व्हर्निअर कॅलिपर, हे सर्व पुतणे चि. किशोर यास द्यावं. किशोर, तो व्हर्निअर तुझ्या काकांनी जन्मभर फडक्यात गुंडाळून ठेवला. त्याने बाटलीचं झाकण उघडू नकोस. मागच्या दिवाळीत मी पाहिलंय. तुला घर हवं होतं, हेही मला ठाऊक आहे. वर दोन मजले चढवून भाड्याने द्यायचं तुझं गणित चोख आहे. पण घर माझ्या पगारातून उभं राहिलं आणि माझ्या मनात वेगळं आहे. राग मानू नकोस. मानलास तरी माझी हरकत नाही.

३. सदरहू घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीसह, माझी विद्यार्थिनी तृप्ती अहिरे, सध्या तलाठी, हिच्याकडे विश्वस्त म्हणून सोपवावं. बागलाण आणि सुरगाणा-पेठ भागातून नाशिकला शिकायला येणाऱ्या मुलींनी तिथे राहावं. भाडं घेऊ नये. अट एकच: दर शनिवारी सकाळी पुढच्या खोलीत जोडतास व्हावा.

जोडतास म्हणजे काय, ते सांगते. आमच्या शाळेत नवसाबाई भोये सामाजिक शास्त्रं शिकवायला आली, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला थोड्या मार्कांचा विषय, घोकलं की झालं, असं माझं मत. नवसाचं मत उलटं, आणि ती मत गिळून बसणारी नव्हती. शेवटी दर शनिवारी आठवीच्या वर्गावर आम्ही दोघी एकदमच जायला लागलो. गावात नळ तीन, घरं दोनशे दहा. मी फळ्यावर भागाकार करायची: एका नळामागे सत्तर घरं. नवसा मागच्या बाकावरून विचारायची, “मग वरच्या आळीला दोन नळ आणि खालच्या आळीला एक, असं का? कोणी ठरवलं? कुठल्या ग्रामसभेत? तुमची आई होती का त्या सभेला?” पोरं घरी जाऊन विचारायची आणि आईबाप वैतागायचे. एकदा सरपंचच शाळेत आले. “बाई, पोरांना पाढे शिकवा, पंचायत नको.” नवसा म्हणाली, “पाढेच शिकवतोय, साहेब. सत्तर एके सत्तर.” सरपंच चहा न घेता गेले. दोन महिन्यांनी खालच्या आळीला दुसरा नळ आला.

तर असा तास. एकीने आकडा मांडायचा, दुसरीने त्याला उलटसुलट विचारायचं. घरात राहणाऱ्या मुलींनी मतदार यादी वाचावी, महापालिकेचं बजेट वाचावं, रेशनच्या दुकानात मापाकडे बघावं. कंटाळा आला तर गच्चीत भजी तळावीत. तेल माझ्या बचतीच्या व्याजातून आणावं. बचत खात्यातली सर्व रक्कम घरासोबत याच कामासाठी ठेवते.

४. आमच्या बैठ्या घरांच्या सोसायटीचे चेअरमनसाहेब चोवीस सभासदांपैकी सात जण जमवून ‘बहुमताने मंजूर’ असं लिहितात, याची मी अकरा वेळा लेखी हरकत घेतली आहे. त्या पत्रांची फाइल त्यांनाच भेट द्यावी. मी गेल्यावर त्यांनी फाटकावर माझा श्रद्धांजलीचा फलक लावू नये. फारच उमाळा आला तर आधी गणपूर्ती करावी.

५. आता जे लिहायला मी हे सगळं मांडून बसले ते.

सन २०११, जानेवारी महिना. गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं. बायकांनी ते बंद करायचं ठरवलं. त्यासाठी सरकारी मतदान होतं, फक्त बायकांचं. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान राहू दे म्हणणारीने उभीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणारीने आडवीवर. कागदपत्रं नवसाकडे, आकडे माझ्याकडे. नियमाचा कागद तिने मला आठ दिवस आधी आणून दिला. एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ होती: एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. मी ओळ वाचली आणि मनात धरलं, पडलेल्या मतांच्या निम्मी. नवसाने विचारलंही, “ताई, एकूण म्हणजे यादीतल्या सगळ्या का? घरी बसलेल्यासुद्धा?” मी म्हणाले, “असं कुठं असतं का? आमदारसुद्धा पडलेल्या मतांवर निवडून येतो. आकड्यांचं माझ्यावर सोड.” आधी छेद बघा, मग अंश, हे मी वर्गात खडू मोडेपर्यंत सांगितलेलं. स्वतः बघितला नाही.

मतदानाच्या दिवशी नदीपलीकडच्या मळ्यात त्रेचाळीस बायका कांदे लावत होत्या. त्यांना आणायला ट्रॅक्टर ठरला होता. दुपारी दोनला मी अंदाज घेतला. साडेपाचशेच्या आसपास मतं झाली होती आणि त्यातली पावणेचारशे तरी आपली. निम्म्याच्या कितीतरी पुढे! मी ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, “राहू दे, पुरे झालं. बायांची मजुरी कशाला बुडवायची?” नवसा धावत आली. “ताई, आणू या ना. चार मतं जास्त झाली तर काय बिघडतं?” मी म्हणाले, “माझ्या गणितावर विश्वास नाही का तुझा?” ती गप्प झाली. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत, एका स्टोव्हवर राहिलो होतो. असं विचारल्यावर ती काय बोलणार होती?

संध्याकाळी निकाल लागला. यादीत बायका आठशे सेहेचाळीस. हव्या होत्या चारशे चोवीस. आडव्या बाटलीला तीनशे सत्त्याण्णव, उभीला एकशे अठ्ठ्याण्णव. दुप्पट मतं मिळवून आम्ही सत्तावीस मतांनी हरलो. दुकानापुढे फटाके वाजले. मळ्यातून परतलेली अक्काबाई मला वाटेत भेटली. तिचा नवरा सकाळपासून प्यायचा. ट्रॅक्टर का आला नाही, एवढंच तिने विचारलं, “बाई, आम्ही तं तयारच व्हतूत. ट्रॅक्टर कसाले नही उना?” तो नवरा पुढच्याच वर्षी लिव्हर खराब होऊन गेला. दुकान बंद झालं असतं तर वाचला असता की नाही, हे मला काढता येत नाही, पण मी ते गणित रोज मांडते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात बायका जमल्या, संतापलेल्या. “पुरे झालं म्हणून कोणी सांगितलं?” ट्रॅक्टरवाला म्हणाला, “बाईंनी सांगितलं.” शाळेत बाई दोघी होत्या. मी उठणार होते. खरंच उठणार होते. पण नवसा आधी उठली आणि म्हणाली, “नियम वाचायचं काम माझं होतं. चुकलं माझं.” मी बसून राहिले. चौपन्न वर्षांची बाई मी, सगळं गाव मला ‘गणिताच्या बाई’ म्हणायचं, आणि मला चारचौघांत ‘टक्के चुकले’ एवढे दोन शब्द बोलवेनात. बायकांनी नवसाशी बोलणं टाकलं. जूनमध्ये तिची बदली सुरगाण्याकडच्या शाळेत झाली. दुकानदाराचं आमच्या शिक्षण संस्थेत किती वजन होतं, ते वेगळं सांगायला नको. ती पेटी घेऊन एसटीला निघाली तेव्हा मी वेळापत्रक आखत बसले होते. दारात थांबून म्हणाली, “बदलीचं मला काय नाय वाटत, ताई. तुम्ही सभेत गप बसलात ना, ते लय लागलं.” मी मान वर केली नाही.

म्हणून मी इथे, साक्षीदारांसमोर वाचलं जाईल अशा कागदावर, जाहीर करते: नियम नवसाबाई भोये हिने बरोबर वाचला होता. ट्रॅक्टर मी परत पाठवला. चूक संपूर्ण माझी. माझ्यामागे तृप्तीने हे कलम त्या गावाच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावं. गणपूर्ती पाहून वाचावं.

ते दुकान सन २०१४ ला बंद झालं. तृप्ती तेव्हा बारावीत होती, मताचा अधिकारही नव्हता. पण दुसऱ्या मतदानाआधी पोरीने यादी घेतली, दारोदार फिरली, आणि वारलेल्या व लग्न होऊन गेलेल्या छप्पन्न बायकांची नावं रीतसर अर्ज भरून कमी करवली. नंतर मला फोनवर सांगत होती, “बाई, आधी छेद नीट केला. तुम्ही आणि भोयेबाईंनीच तर शिकवलं.” मी फोन ठेवला आणि रडले. ज्या मुलीला आम्ही दोघींनी मिळून घडवलं, तिचं कौतुक करायला शेजारी दुसरी नव्हती.

पंधरा वर्षं झाली. मला नवसाची फार आठवण येते. यजमानांची येते तशीच, काही दिवशी जास्तच. पेपर वाचता वाचता ती मोठ्याने विचारायची, “ताई, हा आकडा खरा असेल?” आता पेपरात ‘ऐंशी टक्के नागरिक समाधानी’ असं काही छापून येतं आणि मी चष्मा काढून समोरच्या खुर्चीकडे बघते. पंचवटीत एक बाई नागलीच्या भाकरी विकते. दोनदा आणल्या. नवसा करायची तशा नव्हेत. तृप्तीने नवसाचा नंबर मिळवून दिला. तो दोनदा लावला, पलीकडून “कोण बोलतंय?” ऐकलं आणि कापला. आवाज जरा जाड झालाय तिचा.

६. नवसाबाई भोये हिला मी काहीही देत नाही. आमच्या खोलीतला पितळी डबासुद्धा नाही. वकील म्हणाले, ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, उगाच शंकेला जागा. आणि मला ती साक्षीदार म्हणून हवी आहे.

७. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. पहिले डॉ. अश्विन. दुसरी जागा नवसाची. दुसरं कोणीही तिथे सही करू नये. वकीलसाहेब चिडले. “बाई, बाहेर माझा कारकून उभा आहे, शेजारी आहेत, कोणीही चालतं. त्या आल्या नाहीत तर कागद रद्दी होईल आणि सगळं घर पुतण्याला जाईल.” तृप्ती तर भांडलीच. “मुलींच्या घराचं काय, बाई? तुमच्या दोघींच्या भांडणात त्यांचा काय दोष?” बरोबर बोलते पोरगी. स्वार्थ आहे माझा, आणि तो मी लिहून ठेवते.

कायदा सांगतो, साक्षीदाराने मला सही करताना पाहावं. नाहीतर ‘ही सही माझीच’ असं मी तिला स्वतः सांगावं. म्हणजे मी मेल्यावर हार घेऊन येऊन भागणार नाही. तिला माझ्या जिवंतपणी, माझ्यासमोर उभं राहावं लागेल. तृप्ती येत्या रविवारी या कागदाची झेरॉक्स घेऊन सुरगाण्याला जाते आहे. नवसा, डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतचं सांगितलंय. तुझ्याशिवाय हा कागद पुरा होत नाही, ये बाई.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बेरजा दोनदा तपासल्या, आणि राजीखुशीने खाली सही केली.

ठिकाण: सातपूर, नाशिक
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६

सही: वि. धों. केदारे

साक्षीदार पहिले: डॉ. अश्विन शेजवळ, सातपूर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, मला त्याचा रोज प्रत्यय येतो.
सही: अ. शेजवळ

साक्षीदार दुसरी: नवसाबाई मंगळू भोये, वय ६४, निवृत्त शिक्षिका, तालुका सुरगाणा. वरची सही आपलीच असल्याचं विमलताईंनी आज मला समोर बसून सांगितलं, म्हणून मी सही करते. साक्षीदार फक्त सहीचा असतो, मजकुराचा नसतो. ताईंनी पुन्हा नियम नीट वाचलेला दिसत नाही. कलम पाचमधलं मला सगळंच मान्य आहे असं कोणी समजू नये. ट्रॅक्टर परत गेला तेव्हा मी गप का राहिले, हे त्यात नाही, आणि इतरही बरंच बोलायचं आहे. एक दिवसात होणार नाही. पेटी सोबत आणली आहे.
सही: न. मं. भोये
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२६