तळघरात जाणारी वायर

४ ऑक्टोबर

आजपासून घर आमचं. मेपलची पानं अंगणभर पडली आहेत आणि ती झाडायची मला मुळीच घाई नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. आता स्वतःच्या अंगणात चुका राहिल्या तर राहू देत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुपीरियर सरोवर दिसतं. पलीकडचा काठ दिसत नाही.

मार्लिसला वरच्या खोलीत नेलं; न्हाणीघर वरच आहे. खुब्याचं हाड जुळेपर्यंत तिला जिना बंद. हमालांनी तिला खुर्चीसकट उचललं तेव्हा ती माझ्याकडे बघत म्हणाली, सावकाश रे बाबांनो, या वेंडेलने लग्नातसुद्धा मला उचललं नव्हतं. हमाल इतके हसले की खुर्ची कलली.

तळघरात एक जुना लाकडी खोक्याचा टीव्ही चालू सापडला. आवाज बंद, चित्र चालू: एप्रन बांधलेली बाई पाव मळत होती. समोर एक लाकडी बाक, बाकाशेजारी पाण्याची बादली. जमिनीत मोरी. पूर्वी इथे सॉनाची, म्हणजे वाफेच्या स्नानाची, खोली असावी. या भागात ती घराघरांत असते. घर वसंतापासून रिकामं आहे. आधीची मालकीण, इम्पी लाहतेला नावाची म्हातारी, गेल्यावर तिचे वारस टीव्ही बंद करायला विसरले असणार. मी बंद केला.

९ ऑक्टोबर

डिश बसवायला डार्सी आली. धिप्पाड आणि बोलकी. डिश छपराच्या दक्षिण कडेला; मुख्य रेकॉर्डर दिवाणखान्यात; शिवाय तळहाताएवढी दोन खोकी, एक मार्लिसच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. डिशवरून ‘स्थानिक’ म्हणून जी चॅनेलं येतात ती दुसऱ्याच राज्यातल्या शहराची. आपल्या गावचं केंद्र फक्त अँटेनावर दिसतं आणि मार्लिसला तेच हवं. तळघरातल्या पडद्यावरची ती बाई त्याच केंद्रावर रोज दुपारी येते, आणि पाव मळता मळता गावातले वाढदिवस, हरवलेली कुत्री, कुठल्या चर्चमध्ये जेवण आहे ते सांगते.

छपरावरचा जुना अँटेना शाबूत होता. त्याची चपटी तपकिरी वायर मात्र भिंतीवरून सरळ तळघरात गेलेली. खाली कोणी बघतं का, असं डार्सीने विचारलं. खाली कोण बघणार, असं मी म्हणालो. तिने वायर कापली आणि अँटेना रेकॉर्डरला जोडला. आकाशातली आणि गावातली चॅनेलं एका यादीत आली. कुठल्याही खोलीतून रेकॉर्ड करावं, कुठल्याही खोलीत बघावं. वर थांबवलेलं खाली पुढे चालू करावं.

मार्लिसने वरच्या खोलीत त्या बाईला हात उंचावलेला असताना थांबवलं. मी स्वयंपाकघरात बटण दाबलं आणि पडद्यावर तिने पीठ ओट्यावर आपटलं. आम्ही वरून-खालून शाळेतल्या पोरांसारखे ओरडलो.

१२ ऑक्टोबर

शेजारचा रेइनो कांगास आला. दारातच उभा राहिला. भिंतीवर लोंबणारी वायर त्याने कुंपणापलीकडून पाहिली होती. काय हो पुलाखालचे, म्हणाला, तुमच्याकडे दुसऱ्याच्या घरात शिरून त्याची वायर कापायची पद्धत आहे का? सामुद्रधुनीवरच्या पुलाच्या दक्षिणेकडून जो येतो त्याला हे लोक पुलाखालचा म्हणतात. घर आता माझं आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, वरचं तुझं.

मग त्याने सांगितलं ते असं. सॉनात सगळ्यांचं झालं की शेवटची वाफ खालच्यासाठी, घराखाली जो राहतो त्याच्यासाठी, ठेवायची. तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं, बादली भरून ठेवायची, दार लोटून घ्यायचं. नवरा मेल्यावर इम्पीने सॉना उखडला. ती हिवाळाभर त्रासली. शेवटी तिने वाफेऐवजी खाली टीव्ही लावून दिला. त्यावर तो खालचा शांत झाला होता.

मला हसू आलं. मी कॉफी पुढे केली. त्याने कपाकडे पाहिलं आणि घेतली नाही. इथे कोणी कॉफी नाकारत नाही. जाताना म्हणाला, निदान जुन्या डब्याला थांबवायचं बटण तरी नव्हतं.

१७ ऑक्टोबर

रेकॉर्डरमध्ये पाववाल्या बाईचे सगळे भाग साठलेले आहेत. आम्ही लावलेले नाहीत. प्रत्येक भाग अर्धवट पाहिलेला, मध्येच सोडलेला. मार्लिस म्हणते, वेंडेल, चोरून बघतोस आणि पुन्हा मलाच विचारतोस कोणी पाहिले म्हणून. मी बघितलेले नाहीत.

खोल्यांच्या यादीत तीन खोकी दिसतात. ‘वरची खोली’. ‘स्वयंपाकघर’. तिसऱ्याला नाव नाही. कंपनीला फोन केला. फोनवरच्या मुलीने यंत्र बंद करून चालू करायला लावलं. तिसरं तसंच राहिलं.

तळघरात जाऊन आलो. टीव्ही बंद. बाक ओला.

२० ऑक्टोबर

स्वयंपाकघरात तापलेल्या दगडाचा आणि सॉनात अंगावर झोडतात त्या ओल्या बर्चच्या पानांचा वास. खिडक्या उघडल्या. वास जात नाही.

दुकानात वेलचीचा पाव मागितला. संपला, म्हणाली गल्ल्यावरची बाई. तिच्या मागे फळीवर चार दिसत होते. मी बोट दाखवलं. ती म्हणाली, ते माणसांसाठी आहेत. तुम्ही आधी खालच्याचं त्याला द्या. रांगेत कोणी हसलं नाही. बाहेर आलो तर माझ्या गाडीच्या काचेवर कोणीतरी तपकिरी वायरचा तुकडा ठेवला होता.

मार्लिसला यातलं काही सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर

मार्लिसच्या हातून चहा सांडला. चादर भिजली. ती म्हणाली, अरे देवा, आता हे तू धुणार आणि आठवडाभर ऐकवणार. मी फडकं आणायला वळलो. परत वळलो तेव्हा चादर कोरडी, कप भरलेला. तिने कप उचलला. तो सांडला. ती म्हणाली, अरे देवा, आता हे तू धुणार आणि आठवडाभर ऐकवणार.

तोच आवाज. त्याच जागी घेतलेला श्वास.

किती वेळा झालं ते सांगता येत नाही. दर वेळी तिला ते पहिल्यांदाच होत होतं. माझ्या मात्र लक्षात राहतं. माझ्याच का?

जिन्याखालून कोणीतरी ओल्या गळ्याने हसलं.

२३ ऑक्टोबर

रेकॉर्डर उपटला. वायरी, खोकी, सगळं गाडीच्या डिकीत. रिमोट सापडत नाही.

वरच्या खोलीतला टीव्ही चालू आहे. बाई पाव मळते आहे.

काल रात्रीच्या जेवणाबद्दल मी इथे चार ओळी लिहिल्या होत्या. त्या जागी पान कोरं आहे. शाईचा ओरखडासुद्धा नाही. म्हणजे लिहिलेलंही मागे जातं. तेव्हा आता लिहीत राहायचं. पुढची ओळ पानावर येते आहे तोवर वेळ पुढे चालली आहे.

२४ ऑक्टोबर

तिला इथून हलवायचं. मला एकट्याला उचलवत नाही. रेइनोकडे गेलो. कुंपण ओलांडून तो येईना. आधी त्याचं त्याला परत दे, म्हणाला. मी म्हणालो, अरे, ती आजारी आहे, तिने कोणाचं काय घेतलं? तो म्हणाला, तिला बटण दाबता येतं. खालच्याने ते तिच्याकडूनच पाहून शिकून घेतलं.

रुग्णवाहिका बोलावली. भोंगा रस्त्याच्या वळणापर्यंत आला. पुन्हा वळणापर्यंत आला. पुन्हा —

ते लोक अजून येतच आहेत.

२५ ऑक्टोबर

मार्लिस थांबली आहे.

चमचा ओठांपाशी. सुपाची वाफ वर गेलेली नाही, खालीही आली नाही, तिथेच उभी आहे. मी हात फिरवला. वाफ काचेसारखी. तिचा गाल गरम आहे. डोळे माझ्याकडे — मी दारातून आत येत होतो, तिकडे. माझ्याकडे बघून हसायला लागली होती.

मी जोडतो. वायर जोडतो.

२५ ऑक्टोबर, दुपार

छपरावरून उतरलो. दोन टोकं सोलून पिळली, वर चिकटपट्टी. बोटं कापली. रक्त पडतं आहे, म्हणजे चाललं आहे. अजून चाललं आहे.

बादली भरली. टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्या, मुंग्या, मग बाई. एप्रन. पीठ.

मागे बाकाच्या फळ्या दबल्या. पाण्याचे थेंब. मी वळलो नाही —

त्याला म्हणालो, घे, तुझं तुला. तिला सोड.

तळघराच्या पायरीवर बसून लिहितो आहे. वर —

चमचा वाजला. ताटलीवर चमचा. मार्लिस हाक मारते आहे. वेंडेल, कुठे तडमडलास, सूप गार होतंय. देवा. तिचाच आवाज. आणि नवीन वाक्य, हे ती आधी बोललेली नाही. भोंगाही अंगणात आला. दार वाजवतात.

टीव्हीवर बाईने पीठ उचललं. हात वर.

हात वरच आहे.

जुन्या डब्याला थांबवायचं बटण नाही. रिमोट — बाकावरून काहीतरी वाजलं, बटण दाबल्यासारखं. रिमोट त्याच्याकडे आहे. आता बाई नको आहे त्याला, मी हवा. माझ्या पाठीवर वाफ येते आहे. मार्लिस पुन्हा हाक मारते आहे, वेगळ्या शब्दांत, ती चालू आहे, ती वर चालू आहे, तिला घेऊन जा, मी ओरडतो आहे, आधी तिला, मी उठ