साठच्या आत ठोके

१ जून २०१४, रविवार
माझं हार्ट कामातून गेलं, यात आता शंका नाही. काल जिना चढताना छातीत कळ आली. (संध्याकाळी चार वडापाव झाले होते, पण त्याचा इथे काही संबंध नाही.) वसुंधराला सांगावं म्हटलं, तर ती मागे दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी. हल्ली प्रत्येक मजल्यावर थांबते. तिच्यामुळे मलाही थांबावं लागतं.
संकल्प : वडापाव बंद. चहा बंद. पहाटे पाचला चालणे.

२ जून, सोमवार
जाग आली नाही. असल्या हार्टला एकदम दगदग बरी नव्हे.

३ जून, मंगळवार
डॉ. कादंबरी शेट्यांकडे गेलो. मी माझी हकीकत सविस्तर सांगत होतो, तर मधेच त्यांनी वसुंधरालाच विचारलं, तुम्हाला का दम लागलाय? झालं. ही म्हणाली, जबडा दुखतो, हात जड होतो, कणीक मळताना घाम येतो. कणीक मळताना घाम सगळ्यांनाच येतो. तिचाही ईसीजी काढला. माझा वेळ त्यात गेला.
शेवटी दोघांनाही सीटी अँजिओग्राफी लिहून दिली. हाताच्या शिरेतून रंगाचं औषध सोडतात आणि मशीनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात. निघताना बाई म्हणाल्या, "मॅडमची आधी करून घ्या." लेडीज फर्स्ट. चांगल्या घरातल्या दिसतात.

५ जून, गुरुवार
शनिवारची वेळ मिळाली. वसुंधरा नऊला, मी दहाला. फोन करून उलटं करून घेतलं. सीरियस केस आधी जावी. वसुंधरा म्हणाली, चालेल.
आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी वर्ज्य. ठोके साठच्या आसपास हवेत, नाहीतर फोटो हलतो. अनुलोम-विलोम केलं. नाडी ब्याण्णव. भिंतीवरच्या घड्याळात दोष आहे.

७ जून, शनिवार
सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा टपरीवर एक कटिंग घेतला. कटिंग म्हणजे काही चहा नव्हे.
सेंटरमध्ये ठोके शहाण्णव. नर्सने विचारलं, चहा घेतलात का? नाही म्हटलं. ठोके उतरवायची गोळी दिली. बसलो. अठ्ठ्याऐंशी. आणखी एक गोळी. बसलो. वसुंधरा माझा हात धरून बसली होती. तिचा हात घामाने ओला. एसी असून.
साडेअकरा वाजले. टेक्निशियन म्हणाला, आता एकाचंच होईल. मॅडमचे ठोके ठीक आहेत, त्यांना घेतो. मी त्याला परिस्थितीचं गांभीर्य समजावून सांगितलं. वसुंधराच म्हणाली, "यांचंच करा. मला काय, ॲसिडिटी असेल." समजूतदार आहे. तिला पुढच्या शनिवारची वेळ दिली.
औषध गेलं आणि अंगभर ऊन ऊन वाटलं. पँट ओली झाली की काय, अशी शंका आली. झाली नव्हती. श्वास इतका उत्तम रोखला की सोडा म्हणून दोनदा सांगावं लागलं.

९ जून, सोमवार
रिपोर्ट आला. एकही ब्लॉकेज नाही. आधी जरा अपमान वाटला. मग पेढे आणले. हृदयाचा रंगीत फोटो शोकेसमध्ये लावला. शेजारचे कमलाकर म्हणाले, तिशीतल्या माणसाचं वाटतं. वसुंधराला इतका आनंद झाला की ती खालीच बसली.

१२ जून, गुरुवार. दुपार
वटपौर्णिमा. वसुंधराने पाणीसुद्धा घेतलं नाही. माझा रिपोर्ट चांगला आला म्हणून यंदा कडक उपास. खांदा कॉलनीतल्या वडापर्यंत पूजेचं ताट मीच धरलं. (संकल्प : चालणे. झालं.)
तिसऱ्या फेरीला ती खोडाला टेकली. नेरे गावची मैना तिथे फणसाचे गरे विकत होती. म्हणाली, "दादा, वयनींचा रंग बरा नाय. ऱ्हाऊ द्या, घरी न्या त्यांना."
मी म्हटलं, व्रत अर्धवट सोडू नये. शिवाय प्रश्न माझ्या आयुष्याचा होता. वसुंधरा हसली. उठली. सातही फेऱ्या पुऱ्या केल्या.
आता झोपली आहे. चहा मागायला उठवावं का?

१४ जून, शनिवार
सकाळी सेंटरमधून फोन. मॅडमना दहाला आणा, चहा देऊ नका. मी हो म्हटलं.
फोन ठेवल्यावर काय बोललो ते कळलं. वसुंधरा गुरुवारीच गेली. झोपेतच. काल सकाळी बेंगळुरूहून आमचा सत्यजीत पोचला, मग तिला नेलं.
सत्यजीतने शोकेसमधला फोटो काढून कपाटात ठेवला. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

२४ जून, मंगळवार
तेरावं झालं. सत्यजीत म्हणतो, बाबा, माझ्याकडे चला. मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस, माझा रिपोर्ट आहे. तो उठून गॅलरीत गेला.
चहा करायला घेतला. साखरेचा डबा सापडला नाही. घर खायला उठतं.
संध्याकाळी दूध घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबलो. बराच वेळ उभा होतो. दम अजिबात लागला नव्हता.