गोळी कुणी दिली

प्रिय बाबा,

तीन दिवस झाले, तुम्ही वॉर्डात फिरकला नाहीत आणि माझा फोनही उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. आई बरी आहे. काल ताप आला नाही. पांढऱ्या पेशी आज दीड हजारावर गेल्या. तोंडातले फोड कमी झालेत, त्यामुळे तिची टोमणे मारायची ताकद परत आली आहे. आता इथल्या छताच्या भेगा मला तोंडपाठ झाल्या, म्हणते.

मला अक्षरं शाळेच्या आधी तुमच्या औषधांच्या दुकानात आली, बाटल्यांवरची नावं वाचून. मोजमाप तिथेच शिकले, आणि एक नियमही: मोठ्यांची चूक दिसली तरी गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, पडद्याआड येऊन सांगायचं. मी तो कधी मोडला नाही. तुम्ही सर्दीच्या औषधाची तारीख चुकवलीत, तेव्हाही मी आत येऊन कानात सांगितलं होतं, आणि तुम्ही मला शाबासकी दिली होती.

त्या दुपारी आईला हुडहुडी भरली. केमो दिल्यानंतरचा दहावा दिवस. ताप एकशे एकच्या वर. दवाखान्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे की ताप शंभरच्या वर गेला तर तापाची गोळी न देता लगेच या. तुम्ही मात्र, चाळीस वर्षं मी काय गवत उपटलं का, असं म्हणून गोळी दिलीत. तासाभरात ताप उतरला आणि तुम्ही माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलंत. तरी मी हट्टानं निघाले. सगळ्या वाटेवर तुम्ही मला घाबरट म्हणत होतात. मी आहेच घाबरट. पहिल्या केमोच्या वेळी उगाच धावले होते, रिपोर्ट चांगला आला, आणि ती गोष्ट तुम्ही महिनाभर सगळ्यांना ऐकवलीत. तेही खरंच आहे, नाकारत नाही.

तपासणीच्या टेबलाशी नर्सनं ताप पाहिला: नव्याण्णव. घरी काही गोळी दिली का, असं तिनं विचारलं. तुम्ही नाही म्हणालात. आणि मी फरशीकडे पाहत राहिले, बाबा. मनात म्हटलं, बाहेर गेल्यावर तुम्हाला सांगू. आपल्याला साध्या रांगेत बसवलं, पाय मुरगळलेल्या एका माणसाच्या मागे. चाळीस मिनिटं. मी घड्याळ पाहत होते, म्हणून नक्की सांगते. मग आईच्या हातातून पाण्याचा पेला सुटला, आणि तो कुणाच्या हातून सुटला हे तिला कळलंच नाही.

तेव्हा मी उठून टेबलापाशी गेले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाबांनी दोन वाजता गोळी दिली होती. त्याआधी ताप एकशे एकच्या वर होता."

दहा मिनिटांत तिला सलाईन लागलं, प्रतिजैविक सुरू झालं. पांढऱ्या पेशी जेमतेम दोनशे होत्या. तुम्ही मान खाली घालून निघून गेलात. तुमची चारचौघांत शोभा झाली, याचं मला वाईट वाटतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन, आणि चाळीस मिनिटं थांबणार नाही. त्या चाळीस मिनिटांची गुन्हेगार तुमच्याइतकीच मी आहे.

आता मुद्द्याचं. उद्या आईला सोडणार आहेत. अजून तीन केमो बाकी आहेत, आणि त्या संपेपर्यंत ती माझ्याकडे राहील. माझ्या घरापासून दवाखाना पायी सात मिनिटांवर आहे. ताप आला की आम्ही निघू. दहा वेळा उगाच धावलो तरी अकराव्यांदा निघू. तुम्ही रोज या. तिला तुम्ही हवे आहात, ती दाराकडे बघत असते. फक्त खिशातून गोळ्या आणू नका. हे पत्र तिला वाचून दाखवलं. तिनं एकच दुरुस्ती सांगितली: गोळ्यांच्या वाक्यात 'कृपया' होतं, ते खोडायला लावलं.

तुमचीच, तुमच्याच हाताखाली शिकलेली,
धाकटी