तळघरातला उघडा कोपरा

५ फेब्रुवारी
आलो एकदाचा. उताराच्या टोकाचं घर, पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, खाली तळघर. खिडक्या उघडल्या तर सगळीकडे ऊन. सामान लावायला कुणी नाही, त्यामुळे चुकीचं लावलं म्हणून बोल लावायलाही कुणी नाही. एकटा जीव सदाशिव. तक्रार एकच, तळघराच्या भिंतीला ओल आहे आणि लेकीला दमा. तिची आई गेल्यापासून ती मावशीकडे असते. मावशीने बजावलंय, घर कोरडं झाल्याशिवाय पोर पाठवणार नाही. बरोबरच आहे तिचं. तेव्हा आधी पाया.

८ फेब्रुवारी
गवंडी आला. बोलतो कमी, चहा पितो फार. पायाच्या कडेने बाहेरून चर खणला, तर दगड आणि माती दोन्ही कोरडी. त्याने डोकं खाजवलं आणि तळघराच्या भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवला. म्हणाला, मागच्या बाजूने थेंब धरले तर पाणी जमिनीतून येतंय, पुढच्या बाजूने धरले तर खोलीतल्या हवेतून.

९ फेब्रुवारी
थेंब पुढच्या बाजूने. बंद खोलीत चार-पाच माणसं झोपली की असं होतं म्हणे. पाहुणे खाली झोपवता काय, असं विचारून गवंडी हसला. मीही हसलो. पाहुणे असते तर वर गादीवर नसते का झोपवले?

१४ फेब्रुवारी
पायाच्या भेगा बुजल्या, बाहेरून लेप झाला, चर भरला. आतूनही वॉटरप्रूफिंगचे दोन हात फिरले. फक्त कोपऱ्यात तळहाताएवढी जागा त्याने मुद्दाम उघडी ठेवली. घराला नाक ठेवावं लागतं, असं त्याच्या उस्तादाने शिकवलंय. तिथे थापी लावणार नाही म्हणजे नाही. उरलेला लेप डब्यात ठेवून तो गेला. घर एकदम मोठं वाटायला लागलं.

१७ फेब्रुवारी
त्या जागेतून ऊबदार हवा येते. येते, थांबते, परत आत जाते, झोपलेल्या माणसासारखी. खरंच घाबरलो. वर येऊन दार लावलं. पण जेवायला बसल्यावर इतकं सुनं वाटलं की ताट घेऊन पुन्हा खाली गेलो. घरात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकून वर्ष होऊन गेलं होतं.

२० फेब्रुवारी
मावशीचा फोन. उंटावरून शेळ्या हाकायची तिची सवय जुनी. सगळं कोरडं झालं का? म्हटलं, तळहाताएवढं सोडून. मग सगळं नाही झालं, म्हणाली आणि फोन ठेवला. डबा उघडला, कोपरा लिंपला. लिंपताना हात आत ओढल्यासारखा झाला. तरी लिंपला. लेकीपुढे नाक काय आणि कान काय.

२२ फेब्रुवारी
भिंत खडखडीत. कोपऱ्यातला लेप मधूनच फुगतो. दाबला की बसतो. मावशीला कळवलं.

२५ फेब्रुवारी
लेक आली. खिडकीजवळची जागा धरली, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. दिवसभर एकदाही खोकली नाही. इतकं सुख झालं की डोळे भरून आले.

२६ फेब्रुवारी, सकाळ
तळघरात उतरलो तर खोकला. तिचाच, शेवटी शीळ वाजणारा. धावत वर गेलो. ती खिडकीशी वाचत बसलेली. शांत. काल आल्यापासून खोकलीच नाही. एकदाही —

दुपार
भिंतीच्या आतून. बाबा म्हणतेय. श्वास पुरत नाही म्हणतेय.
मग वर बसलीय ती कोण?
मावशी फोन उचलत नाही.

नंतर
छिन्नी घेतली. वरची जिन्यात येऊन उभी. नको ना फोडूस बाबा, भीती वाटतेय म्हणते. किती हुबेहूब —

भोक पडलं. आत कुणी नाही. पायाचे दगड, बस. खोकला थांबला.
हवा बाहेर येत नाहीये. आत जातेय. थांबतच नाही —

जिन्यातली खाली बसली. छाती धरलीय. शीळ —

हीच माझी. हीच होती माझी.

पाठ लावून बसलोय भोकाला. ओढतंय. डब्यातला लेप सगळा वाळलेला. जो कुणी येईल त्याने आधी पोरीला बाहेर न्यावं, मला नंतर —
बाळा, माझ्याकडे येऊ नकोस. वर जा. दार उघड. मी इथून हललो तर —