लव्हाळ्याआडून

बुलेगा मिशन शाळा
४ जून १९९६

ती. एसेझाआई यांस,
लव्हाळ्याआडून सा. न. वि. वि.

पेरूसीच्या दफनानंतर आपणांस लिहिण्याचे धैर्य आज होत आहे. जावयाने सासूसमोर उभे राहू नये ही आपली रीत; त्यामुळे त्या दिवशीही कबरीच्या एका बाजूस मी, दुसऱ्या बाजूस आपण आणि मध्ये बायकांची रांग, अशा रीतीने तिला निरोप दिला गेला. आपण पाठविलेली केळी पोचली. रिकामी टोपली परत करीत आहे. हे पत्र तिच्या तळाशी ठेवले आहे.

पत्रास कारण की, आपल्या टेकडीखालची दलदल आपण भातासाठी एका व्यापाऱ्यास देणार असून तो चर खणून तिचे पाणी काढणार असल्याचे पाद्रीबाबांकडून कळले. शाळेच्या पायथ्यापासून आपल्या केळीच्या बागेपर्यंत पसरलेली ही पुरुषभर उंच लव्हाळी म्हणजे पेरूसीचा वर्ग होता. तो आता माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. मी भूमितीचा शिक्षक. पहिल्याच तासाला पुस्तक उघडून मी पाणहरणाचा अधिवास कोणता असे विचारले. तेओपिस्ता नावाची एक मुलगी आहे. पाणहरीण हेच तिच्या कुळाचे देवक. ती उठून म्हणाली की बाई पुस्तकातले विचारत नसत, हरीण जिथे निजते तिथे नेऊन आम्हालाच निजवत असत. आणि सरांनाही निजायचे असेल तर बूट मात्र काढावे लागतील. वर्ग हसला. मी हसलो नाही, याचे आता वाईट वाटते.

पेरूसीची पद्धत मला अशी विद्यार्थ्यांकडून शिकावी लागत आहे. ज्याचे जे देवक, त्याने त्याचे घर राखायचे. पाणमांजराच्या कुळातली मुले काठाचे गवत जाळू नये म्हणून घरोघर सांगत फिरतात. चिखलमाशाच्या कुळातली मुले पाण्याची वाट मोकळी ठेवतात. क्रौंचाच्या कुळातल्यांनी घरट्यांच्या दिवसांत गावातली कुत्री बांधून ठेवायला लावायची. पेरूसी स्वतः त्याच कुळातली. या वर्षी तुरेवाल्या क्रौंचांच्या जोडीने आपल्या बाजूस घरटे केले आहे. पिल्ले उडेपर्यंत तरी चर खणू देऊ नये, एवढीच विनंती.

आपल्या लोभावरचा माझा हक्क पेरूसीमुळे होता. तो तिच्यामागेही राहू द्यावा.

आपला,
याफेसी


नाकासोझी
९ जून

चि. जावईबापूंना,
लव्हाळ्यापलीकडून अ. आ.

हे पत्र आहे, की शाळा तपासायला आलेल्या साहेबाचा अहवाल? माझी लेक मातीत गेली आणि तुम्ही मला पाखरांची खबरबात लिहिता! दोनदा वाचलं. एखाद्या ओळीत तरी रडला असाल म्हणून शोधलं, नाही सापडलं. पेरूसी म्हणायची, आई, ते बोलत नाहीत पण त्यांना लागतं. मला तर लाकडासारखा कोरडा जावई दिसला.

लोकांची पोरं घेऊन ती त्या पाण्यात कंबरेइतकी उभी राहायची. त्याच पाण्यानं तिला ताप दिला. तुम्ही एकदा तरी तिला नको म्हणालात? आता सकाळी दार उघडलं की पहिलं तेच पाणी दिसतं, आणि घास घशाखाली उतरत नाही. ते आटलेलं मला बघायचंय. मग तिथं भात लावोत नाहीतर काटे लावोत. क्रौंचिणीला पिल्लं होतात. माझ्या पोरीला तेवढंही मिळालं नाही. हे मला पुन्हा लिहून कळवू नका.

भातवाल्याला मी हो म्हणून चुकले आहे.

केळी वेळेवर उकडून खात जा, काळी पडू देऊ नका. दूधवाली सांगत होती, तुमच्या शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात असतं. मास्तर भूमितीचे ना तुम्ही?

रागावले आहे, पण माया आटली असं समजू नका.

एसेझा


बुलेगा
१५ जून

ती. एसेझाआई यांस,
लव्हाळ्याआडून सा. न. वि. वि.

बटणाची दुरुस्ती केली आहे.

मी तिला नको म्हणालो नाही, हे खरे. म्हणालो असतो तरी तिने ऐकले नसते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. ताप डासांचा होता. भाताच्या साचलेल्या पाण्यातही डास होतात. किंबहुना बेडूक आणि मासे नाहीसे झाले म्हणजे अधिकच होतात. हे शिक्षक म्हणून लिहितो. नवरा म्हणून मलाही ते पाणी पाहवत नाही. तरीही दर बुधवारी मुलांना घेऊन मी तिथे उतरतो, कारण तिथे मुले तिच्या शब्दांत बोलतात. वर्गात ती माझ्या शब्दांत बोलतात.

क्रौंच हे पेरूसीचे देवक, आणि तिच्या दिवंगत वडिलांचेही. कुळाच्या नात्याने त्या घरट्यातली दोन पिल्ले तिची भाचरे होत. हे मी आपणांस सांगावे असे नाही. परंतु सांगणारी आज नाही.

आणखी एक. लव्हाळी गेली तर आपल्या अंगणातून माझा ओटा उघडा पडेल. लग्नापासून तीच आपल्या दोघांची रीत सांभाळीत आली आहेत. पुढे आपणां दोघांना आयुष्यभर एकमेकांकडे पाठ करून बसावे लागेल.

उत्तराची वाट पाहत आहे. ते कठोर असले तरी चालेल.

आपला,
याफेसी


नाकासोझी
२४ जून

चि. याफेसी यांना,
पाठमोरी अ. आ.

उशीर झाला. तुमचं पत्र वाचून मी भातवाल्याला निरोप धाडला होता, की घरट्याभोवतीचं तेवढं राहू दे. त्याची माणसं हसली. म्हणाली, म्हातारे, पाखराला काय, दुसरं घर बांधील. चर खणून झालाच होता. पाणी उतरल्यावर त्यांनी लव्हाळ्याला काडी लावली. क्रौंच वरून फिरत राहिले, ओरडत राहिले. पिल्लांना पंख कुठे होते?

धूर गेला तेव्हा समोर तुमचा ओटा दिसला. मी तोंड फिरवायला हवं होतं. नाही फिरवलं. दोरीवर पेरूसीची निळी गोमेसी वाळत होती, तोच तिचा पायघोळ झगा. तुम्ही ती काढलीत, झटकलीत, तिची घडी घातलीत. मग घडी मोडून पुन्हा बादलीत बुडवलीत आणि पुन्हा वाळत घातलीत. त्यानंतर मी पाठ फिरवली. तशीच बसून लिहिते आहे.

तुम्हाला कोरडा म्हणाले. ते पत्र फाडून टाका.

काय मागू तुमच्याकडे? मागायला मला तोंडच उरलं नाही.

एसेझा


बुलेगा
२९ जून

ती. एसेझाआई यांस,
सा. न. वि. वि.

या वेळी आड काही नाही, म्हणून मीही पाठ करून लिहीत आहे.

बुधवारी मुलांना कुठे न्यावे हे मला सुचेना. शेवटी तिथेच नेले. राखेत ती दोन पिल्ले सापडली. मी मुलांना मागे वळण्यास सांगितले. क्रौंचाच्या कुळातली मुले हलली नाहीत. त्यांचे म्हणणे असे की आपल्या माणसाला उघडे टाकून कोणी जात नाही. त्यांच्यापैकी एक जण घरी पळाला आणि आजोबांच्या कफनासाठी जपून ठेवलेल्या, झाडाच्या सालीच्या वस्त्राचा तुकडा घेऊन आला. त्यात गुंडाळून, मोठ्या माणसांना करतात तसेच, त्यांनी पिल्लांना पुरले. तेओपिस्ताने मला विचारले की देवकाचे घरच राहिले नाही, तर आता आम्ही काय राखायचे. मग तीच खाली बसून राख उकरू लागली. लव्हाळ्याच्या मुळ्या आत जिवंत आहेत. पाणी परत आले तर त्या फुटतील. परंतु पाणी चरातून वाहून जात आहे.

गोमेसीविषयी. आपण पाहिलेत याचा राग नाही. ती मी धूत नव्हतो. संध्याकाळी पेरूसी घरी येई तेव्हा तिच्या कपड्यांना दलदलीच्या पाण्याचा वास असे. तो उडून जाऊ लागला, म्हणून तिथलेच पाणी बादलीत आणून मी गोमेसी भिजवीत असे. आपण पाहिलेत, त्या दिवशी ते पाणी संपले.

मागणे काही नाही. आपण जेवावे.

आपला,
याफेसी


नाकासोझी
११ जुलै

चि. याफेसी यांना,
पाठमोरी अ. आ.

चराचं तोंड माझ्या नवऱ्याच्या जमिनीत आहे. कुदळ घेऊन गेले आणि माती लोटली. पहिल्या दिवशी थोडी, मग चर्चमधल्या बायका आल्या. भातवाला येऊन ओरडून गेला, मुखियाकडे जातो म्हणाला. जाऊ दे. उद्या तो पुन्हा खणील, मी पुन्हा बुजवीन. तो तरणा आहे आणि मी म्हातारी, तेव्हा कोण जिंकेल ते दिसतंच आहे. क्रौंच काही परत आले नाहीत. रोज मान वर करून बघते.

बुधवारी पोरांना घेऊन या. ती मुळ्या लावतील. मी चराशी तुमच्याकडे पाठ करून उभी राहीन, तुम्ही माझ्याकडे करा. पण शिकवताना मोठ्यानं बोला, तुमच्या शब्दांत नको, तिच्या. मला तिकडे ऐकू आलं पाहिजे. आणि बूट काढा.

टोपलीबरोबर झाकण लावून बादली पाठवते आहे. चर बुजवला तिथं साचलेलं पहिलं पाणी आहे. गढूळ आहे, त्याला जळक्याचाही वास येतो. पण त्याखाली दुसराही आहे. मी हुंगून बघितलं.

एसेझा